त्या गचपणाला हात लावू नका: उद्यान, रस्ते आणि विद्युत विभागांना खुले पत्र

प्रति,
उद्यान, रस्ते व विद्युत विभागांचे प्रमुख अधिकारी

विषय: दोन रस्त्यांमधील रानाच्या तुकड्याचे नियोजित सुशोभीकरण थांबवण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

शहरातील दोन वर्दळीच्या रस्त्यांच्या बेचक्यात, अनेक वर्षे कोणी फारसे लक्ष न दिल्यामुळे आपोआप वाढलेले एक रान आहे. त्याचे सुशोभीकरण होणार असल्याचा फलक नुकताच तेथील कुंपणावर लागला. झुडपे काढून हिरवळ लावणे, वाळलेली झाडे तोडणे, पालापाचोळा उचलणे, फरसबंद पायवाट बांधणे आणि तिच्या दुतर्फा उंच दिवे उभारणे अशी कामांची यादी त्यावर आहे. यांतले प्रत्येक काम एखाद्या बागेसाठी योग्य असेलही, पण या जागेत ते केले तर आज तेथे नांदणाऱ्या पक्ष्यांपैकी बहुतेकांना राहायला जागा उरणार नाही. असे तुकडे जवळजवळ प्रत्येक शहरात असतात. रेल्वेच्या जुन्या आवारात, ओढ्याकाठी, पुलाखालच्या उतारावर, बंद पडलेल्या कारखान्यामागे ते वाढतात आणि अशाच याद्यांनी संपतात. म्हणूनच आपल्याला उद्देशून लिहिलेले हे पत्र मी सर्वांनी वाचावे अशा रीतीने लिहीत आहे.

मी या रानासमोर राहते. माझ्या घराच्या एका बाजूला दिवसभर न थांबणारी वाहतूक आहे आणि तिच्या पलीकडे, कुंपणाच्या आत, सूर्य उगवण्याआधीपासून दयाळाची शीळ सुरू होते. मी पक्षिशास्त्रज्ञ नाही. तरीही दररोज त्याच वाटेने जाता-येता कोणता पक्षी कोठे बसतो, काय खातो आणि कशाला बिचकतो हे माणसाला कळू लागते, आणि एकदा कळले की ते उद्ध्वस्त होताना गप्प राहता येत नाही.

तेथे काय आहे हे आधी सांगते, कारण फलकावर त्या जागेचे वर्णन केवळ ‘पडीक’ एवढेच केले आहे. उंच झाडांच्या शेंड्यांवर तांबट आणि हळद्या असतात. मधल्या फांद्यांवर सुभग, कोतवाल आणि कधी स्वर्गीय नर्तक दिसतो. त्याखालच्या झुडपांत शिंपी, वटवट्या आणि बुलबुल घरटी करतात. अगदी खाली, पाचोळ्यात, सातभाईंचा थवा कलकलाट करत फिरतो आणि दाट सावलीत एखादा कस्तुर दिसतो. या कस्तुराला मी पुष्कळदा कुंपणाच्या जाळीतून पाहिले आहे. तो दोन-तीन उड्या मारतो, थबकतो, मान तिरकी करून जमिनीकडे पाहतो, मग चोचीने एक पान उचलून बाजूला भिरकावतो, आणि त्याखालची ओली माती उघडी पडताच गांडूळ किंवा किडा टिपतो. मग पुढचे पान. त्याच्यापासून हातभर अंतरावर बस गेली तरी तो दचकत नाही, मात्र कुंपणाच्या आत माणसाचे पाऊल वाजले की क्षणात नाहीसा होतो. त्याला लागते ते पान, ती ओल, ती सावली आणि माणसाची अनुपस्थिती, एवढेच. आपल्या यादीने यांतली एकही गोष्ट शिल्लक ठेवलेली नाही.

स्थलांतराच्या काळात तर या तुकड्याचे मोल आणखी वाढते. रात्रभर उडून दमलेला पक्षी पहाटे शहरावर येतो तेव्हा त्याला सगळीकडे सिमेंट आणि मध्येच हिरव्या रंगाचा एखादा ठिपका दिसतो. तो ठिपका मोठा आहे की लहान हे पाहण्याइतके त्राण त्याच्यात नसते. नवरंगासारखा दाट जंगलातला पक्षी भर शहरातल्या एखाद्या परसात थकून उतरलेला सापडतो तो याचमुळे. काही दिवस किडे खाऊन, अंगावर चरबी साठवून तो पुढे जातो. त्या काही दिवसांसाठी का होईना, झाडीखालचा पाचोळा त्याला लागतोच, आणि गवताच्या कापलेल्या गालिच्यावर त्याला काहीही मिळत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सर्वांत गंभीर तक्रार झुडपांविषयी आहे. रान म्हणजे झाडांची संख्या नव्हे. शेंडा, मधल्या फांद्या, झुडपे आणि जमीन असे त्याचे थर असतात आणि प्रत्येक थराचे रहिवासी वेगळे असतात. आपण सर्व मोठी झाडे राखणार आहोत असे सांगितले जाते आणि ते खरेही असेल. पण खालचे दोन थर काढून टाकल्यावर उरतात ते खांबांसारखे उभे बुंधे. त्या जागी कावळे, कबुतरे आणि साळुंक्या राहतील. शिंपी, कस्तुर आणि सातभाई मात्र जातील, कारण त्यांची घरटी, त्यांचे अन्न आणि शिक्र्यापासून लपण्याची जागा, सारे कंबरेच्या उंचीखाली आहे. पिल्लांच्या वाढीचाही विचार करावा. फळे किंवा दाणे खाणारे बहुतेक लहान पक्षीदेखील पिल्लांना किडे आणि सुरवंटच भरवतात. अमेरिकेतील कॅरोलिना चिकडी या चिमणीएवढ्याही नसलेल्या पक्ष्याच्या एका जोडीला एका विणीतली पिल्ले उडण्याइतकी मोठी करायला हजारो सुरवंट लागतात असे अभ्यासकांनी मोजले आहे. वॉशिंग्टन शहराच्या निवासी भागांत याच पक्ष्यावर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की जेथे परकीय वनस्पतींचे प्रमाण तीस टक्क्यांच्या पुढे गेले तेथे त्यांची संख्या टिकू शकली नाही. स्थानिक किडे स्थानिक पानांवर वाढतात. शोभेच्या परदेशी झुडपांच्या रांगा लावल्या तर हिरवेपणा दिसेल, पण पिल्लांना भरवायला त्यात काही असणार नाही.

दुसरी तक्रार वाळलेल्या झाडांची. ‘मृत वृक्ष काढणे’ हे शब्द यादीत अगदी सहज आले आहेत. तांबट आपली चोच ताज्या, कठीण लाकडात चालवत नाही. वठलेल्या, मऊ पडलेल्या फांदीच्या खालच्या अंगाला तो भोक पाडतो, म्हणजे पावसाचे पाणी आत जात नाही. मागच्या विणीच्या हंगामात अशाच एका वठलेल्या फांदीवर नर-मादी आळीपाळीने काम करताना मी पाहिले. आत गेलेला पक्षी काही वेळाने तोंडात लाकडाचा भुसा घेऊन बाहेर डोकावे, मान झटकून तो खाली टाके आणि पुन्हा आत जाई. सुतार पक्षीही अशीच ढोली कोरतो. या दोघांनी सोडलेल्या जुन्या ढोलींत पुढे दयाळ, मैना, पोपट आणि पिंगळा राहतात, कारण त्यांना स्वतःला लाकूड कोरता येत नाही. एक वठलेले झाड तोडले की अनेक पक्ष्यांची आजची आणि पुढच्या कित्येक वर्षांची घरे जातात. रस्त्यावर पडू शकेल अशा फांदीचा धोका मला मान्य आहे आणि तेथे माणसाचा जीव आधी आला पाहिजे. पण त्यासाठी फांद्या छाटून बुंधा सुरक्षित उंचीवर उभा ठेवता येतो. रानाच्या आतल्या बाजूचे झाड पडले तर ते पाचोळ्यावर पडेल, आणि तेथे पडलेल्या ओंडक्याचाही उपयोगच होईल.

तिसरी तक्रार पाचोळ्याची, आणि ती थोडक्यात मांडते. पाचोळा कचरा नाही. तो उचलण्यासाठी लागणारे मनुष्यबळ रानात फेकले जाणारे प्लास्टिक उचलण्यासाठी वापरावे. पाचोळा पेटवण्याचे प्रकार तर तत्काळ बंद व्हावेत.

चौथी तक्रार दिव्यांची. पक्ष्यांचे दिवस-रात्रीचे घड्याळ प्रकाशावर चालते. रस्त्यांच्या दिव्यांजवळ राहणारे अनेक जातींचे नर पहाटे नेहमीपेक्षा लवकर गाऊ लागतात, असे युरोपातील अभ्यासांत आढळले आहे. विणीच्या काळात आधीच दमलेल्या पक्ष्याची झोप त्यामुळे कमी होते. पतंग आणि इतर निशाचर किडे दिव्याभोवती फिरून मरतात, आणि मग सुरवंटही कमी होतात. घुबड आणि पिंगळा अंधारात शिकार करतात, त्यांची जागाच नाहीशी होते. अंधारामुळे असुरक्षित वाटते हे पादचाऱ्यांचे म्हणणे मी हलके मानत नाही, कारण त्या पदपथावरून रात्री मीही चालते. पण चालणारा माणूस कुंपणाच्या बाहेर असतो. दिवे पदपथावर हवेत. ते कमी उंचीचे, पिवळसर प्रकाशाचे आणि वरून झाकलेले असावेत, म्हणजे उजेड पायांपाशी पडेल. रानाच्या आत उंच खांबांवर पांढरे झगझगीत दिवे लावून त्या पदपथावरच्या कोणाचीही सुरक्षितता वाढणार नाही.

पाचव्या तक्रारीवर मला अधिक बोलायचे आहे, कारण ती एका गैरसमजाविषयी आहे. या विषयावर बोलायला गेले की एक उत्तर हमखास मिळते: ‘इतक्या गोंगाटात हे पक्षी राहतातच ना, मग थोडी वर्दळ वाढली तर त्यांचे काय बिघडणार?’ पक्षी राहतात हे खरे आहे. पण त्यासाठी ते किंमत मोजतात आणि ती आपल्याला दिसत नाही. नेदरलँड्समधील लायडन शहरात ग्रेट टिट या पक्ष्याच्या गाण्याचा अभ्यास झाला, तो २००३ साली प्रसिद्ध झाला. वाहतुकीचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीत असतो. जेथे तो जास्त होता तेथील पक्षी खालचे स्वर टाळून वरच्या पट्टीत गात होते. पुढच्याच वर्षी बर्लिनमधील नाइटिंगेलवरचा अभ्यास आला. गोंगाट असलेल्या जागी हा पक्षी अधिक मोठ्याने गातो असे त्यात आढळले. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात दिवसा फार आवाज असलेल्या ठिकाणचे रॉबिन रात्री गाऊ लागले. पारवा, घुबड, भारद्वाज यांचे आवाज तर मुळातच खर्जातले असतात, त्यांना पट्टी बदलून सुटका करून घेता येत नाही.

याहून स्पष्ट पुरावा अमेरिकेतील आयडाहो राज्यातून आला. तेथे २०१२ साली रस्ता नसलेल्या एका डोंगरधारेवर झाडांमध्ये ध्वनिवर्धक बसवून संशोधकांनी सुमारे अर्धा किलोमीटर लांबीचा, केवळ आवाजाचा रस्ता तयार केला. वाहन नाही, धूर नाही, डांबर नाही, फक्त वाहतुकीचा आवाज. तो चालू असलेल्या काळात तेथे उतरणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची संख्या चतुर्थांशाहून अधिक घटली आणि काही जातींनी ती जागा जवळजवळ पूर्ण टाळली. जे थांबले त्यांतील काही जातींच्या पक्ष्यांचे वजन हवे तसे वाढले नाही, कारण शिकारी पक्ष्याची चाहूल आवाजात ऐकू येत नसल्यामुळे त्यांना चरणे सोडून वारंवार मान वर करून पाहावे लागत होते. न्यू मेक्सिकोतल्या एका अभ्यासात याची दुसरी बाजूही दिसली. आवाजाच्या जागी पक्ष्यांच्या जाती कमी होत्या, पण राहिलेल्या पक्ष्यांची घरटी अधिक यशस्वी झाली, कारण अंडी-पिल्ले खाणारा तेथील एक निळ्या रंगाचा पक्षी गोंगाटापासून दूर राहत होता. समोरच्या रानात काही पक्षी वर्दळीजवळच का फोफावले याचे एक कारण असे काही असू शकेल. त्यावरून गोंगाट निरुपद्रवी ठरत नाही. एवढेच कळते, की हे पक्षी एका अतिशय अरुंद सवलतीवर जगत आहेत, आणि दाट झुडूप व माणसाची अनुपस्थिती हीच ती सवलत आहे. बाहेरचा गोंगाट तसाच ठेवून आतला आडोसा काढणे म्हणजे त्यांच्याकडचे शेवटचे काढून घेणे होय.

आणि आवाज कमी झाला तर काय होते हेही २०२० साली जगाने पाहिले. टाळेबंदीत वाहतूक थांबली तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील आवाज १९५०च्या दशकाच्या मध्यावर होता त्या पातळीपर्यंत खाली आला. तेथील एका रानचिमणीने गाण्याचा जोर लगेच कमी केला, आणि हळू गाऊनही तिचे गाणे पूर्वीच्या दुप्पट अंतरावर पोहोचू लागले. पक्षी सावरायला तयार असतात, त्यांना तेवढी जागा मिळाली पाहिजे.

रस्ते विभागाला म्हणूनच वेगळी विनंती करते. या तुकड्यालगतच्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी पन्नासवरून तीस किलोमीटरवर आणली तर वाहतुकीचा आवाज साधारण तीन डेसिबलने उतरतो, म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी होते. हॉर्न बंदी केवळ फलकापुरती न राहता पाळली जावी. पातळ झाडीच्या ओळीने आवाज फारसा अडत नाही, त्यासाठी मातीचा बांध किंवा भरीव भिंत लागते. रस्त्याच्या कडेला असा बांध घालून त्यावर स्थानिक झुडपे वाढवली, तर तो खर्च सुशोभीकरणापेक्षा अधिक कारणी लागेल.

असे कोठे केले जाते का, असा प्रश्न आपल्या बैठकीत निघेल, म्हणून काही ठिकाणे सांगते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, मॅनहॅटनच्या सर्वांत गजबजलेल्या रस्त्यांपासून हाकेच्या अंतरावर, सुमारे चार एकरांचा एक तुकडा १९३४ साली पक्ष्यांसाठी राखून पुढे अनेक दशके लोकांना बंद ठेवण्यात आला, तो आज हॅलेट अभयारण्य म्हणून ओळखला जातो. बर्लिनमध्ये १९५२ साली बंद पडलेल्या रेल्वे यार्डात आपोआप रान उगवले. नागरिकांनी त्यासाठी लढा दिला आणि २००० साली सुमारे अठरा हेक्टरांचे ते रान निसर्गोद्यान म्हणून खुले झाले. तेथील नाजूक भागातून जाणारी वाट जमिनीपासून उचललेली आहे, त्यामुळे माणसे चालतात पण जमीन तुडवली जात नाही. लंडनमध्ये किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ जुन्या कोळशाच्या आवारात केवळ दोन एकरांत १९८५ पासून असे एक निसर्गोद्यान आहे. यांतील कोणत्याही शहरात जागा स्वस्त नाही आणि जमिनीची किंमत त्यांना ठाऊक आहे.

हे तुकडे बेवारस सोडलेले नाहीत, हेही आवर्जून नमूद करते. हॅलेटमध्ये पुढे परकीय वेली आणि झाडांनी जम बसवला तेव्हा त्या काढून स्थानिक झाडे लावावी लागली. समोरच्या रानातही घाणेरी ही परकीय झुडपाची जात पसरलेली आहे आणि ती जायला हवी. पण ती जेसीबी घालून एका आठवड्यात काढू नये. बुलबुलांची घरटी आज तिच्यातच आहेत. विणीचा हंगाम टाळून, एका वेळी एकच पट्टा हाताने साफ करावा, तेथे स्थानिक झुडपे लावावीत आणि ती उभी राहिल्यावरच पुढच्या पट्ट्याला हात घालावा. याला वेळ लागतो, आणि अंदाजपत्रकाच्या एका वर्षात ते बसत नाही, हीच खरी अडचण असावी असे मला वाटते.

माझ्या मागण्या अशा. सुशोभीकरणाचे काम ताबडतोब स्थगित करावे. त्या जागेतील पक्षी, झाडे आणि ढोली यांची वर्षाच्या सर्व ऋतूंत नोंद करून घ्यावी, आणि ती नोंद सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. झुडपे, पाचोळा आणि धोकादायक नसलेली वठलेली झाडे जशीच्या तशी राखावीत. दिवे फक्त पदपथावर, वर सांगितल्याप्रमाणे लावावेत. लोकांना रान पाहायचे असेल, आणि मुलांनी ते पाहावे असे मलाही मनापासून वाटते, तर कडेने एकच अरुंद, कच्ची वाट असावी. कुत्री आत सोडण्यास मनाई असावी, आणि आतला गाभा कायम बंद राहावा. लगतच्या इमारतींना परवानगी देताना रानासमोरच्या काचांवर पाच-पाच सेंटिमीटर अंतराने ठिपके किंवा रेषा असण्याची अट घालावी, कारण काचेत झाडांचे प्रतिबिंब पाहून पक्षी थेट तिच्यावर आदळतात. आणि कागदोपत्री या जागेची नोंद ‘पडीक’ ऐवजी ‘नैसर्गिक अधिवास’ अशी करावी, म्हणजे पुढच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर हीच यादी पुन्हा येणार नाही.

आपल्या विभागात माळीकाम जाणणारी, झाडांवर जीव असणारी माणसे आहेत याची मला जाणीव आहे. त्यांच्यापैकी एखाद्याला सकाळी लवकर, वाहतूक वाढण्याआधी, मी कुंपणाबाहेरून ही जागा दाखवायला तयार आहे. फलकावर काम सुरू होण्याची जी तारीख दिली आहे तिच्या आत या पत्राचे लेखी उत्तर मिळावे, आणि तोपर्यंत कोणतेही यंत्र कुंपणाच्या आत नेले जाऊ नये, ही विनंती.

आपली,
रानासमोर राहणारी एक नागरिक